आमच्यातला म्हात्रे

ठाण्यापासून उरणपर्यंत म्हात्र्यांना तोटा नाही. वर्गात हजेरी घेताना सरांनी नुसतं ‘म्हात्रे’ म्हटलं, की दोन-तीन बाकांवरून ओ यायची. १९९८ च्या जुलैत ‘सत्या’ हा मुंबईच्या गँगस्टरांचा चित्रपट आला आणि भातशेती-मिठागरांतल्या या साध्यासुध्या आडनावाला एकदम वजन आलं. आमच्या ग्रुपमधला म्हात्रे ठाण्यातल्या बाळकुमचा, स्वभावानं अगदी गोगलगाय. त्यालाही कॅन्टीनमध्ये उधारी मिळायला लागली. चित्रपटातला गँगस्टर भिकू म्हात्रे खडकावर उभा राहून ‘मुंबई का किंग कौन?’ असं ओरडतो, त्याची नक्कल आमच्या पोरांनी तलावपाळीच्या कठड्यावर चढून केली. समोर मासुंदा तलावाचं पाणी, दोन-चार होड्या आणि एक शेंगदाणेवाला. ठाण्याचा किंग कोण, याचं उत्तर त्या शेंगदाणेवाल्यानं दिलं. ते छापण्यासारखं नाही.

२०२५ च्या जानेवारीत ‘सत्या’ पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा भाचीला घेऊन गेले. पॉपकॉर्नच्या किमतीचा विषय नको.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही नायकासाठी, म्हणजे सत्यासाठी, जीव टाकायचो. तो कुठला, कोणाचा, मुंबईत का आला, चित्रपट काहीच सांगत नाही. त्या गूढावर आम्ही तासन्‌तास बोललोय. आता वाटलं, सुखी आहे बिचारा, याला घरी फोन करून ‘उशीर होईल’ सांगायला नको. भिकूला सांगावं लागतं. त्याला बायको आहे, मुलं आहेत, घरात पाऊल टाकलं की सुरू होणाऱ्या कुरबुरी आहेत. शेफाली शहाची (तेव्हाची शेफाली छाया) प्यारी मला पहिल्या वेळी जेमतेम लक्षात राहिली होती. या वेळी ती पडद्यावर आली की मी खुर्चीत पुढे सरकत होते. नवऱ्याचा धंदा तिला पुरता ठाऊक आहे आणि तरी तिचं भांडण चारचौघींसारखंच आहे. गँगस्टरच्या घरात इतका संसार मी त्याआधी हिंदी पडद्यावर पाहिला नव्हता.

गंमत म्हणजे हा एवढा मुंबईचा वाटणारा चित्रपट केला तो बाहेरून आलेल्यांनी. रामगोपाल वर्मा हैदराबादचे, सत्या झालेला चक्रवर्तीही तिकडचाच, लिहिणारे अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला उत्तरेतले. भिकू म्हात्रे झालेले मनोज बाजपेयी तर बिहारच्या चंपारणचे. भिकूच्या बोलण्याचा ढंग आपण कोल्हापूरकडच्या स्वयंपाक्याकडून उचलला, असं त्यांनीच सांगितलंय. म्हणजे आडनाव आगऱ्याचं, हेल कोल्हापूरचा आणि माणूस चंपारणचा! मुंबई याहून वेगळी काय असते म्हणा.

भिकूचं मरण मात्र काही केल्या जुनं होत नाही. निवडणूक जिंकल्याचा जल्लोष चाललेला, निवडून आलेला पुढारी भाऊ ठाकूरदास झावळे गोळी घालतो आणि भिकू संपतो. शेवटचं भाषण नाही, कोणाच्या मांडीवर डोकं नाही. पहिल्यांदा पाहताना सगळं थिएटर गप्प झालं होतं. पुढचं माहीत असलं की धक्का बसत नाही, हे खरं. पण त्याऐवजी तो पहिल्यांदा खळखळून हसतो, तिथपासूनच पोटात कालवायला लागतं. भाचीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गोळी लागल्यावर तिनं माझा दंड असा धरला, की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

रात्री आमच्या म्हात्रेला फोन केला. त्यांच्या शेतावर आता टॉवर उभा आहे आणि त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये तो राहतो. कोल्हापूरच्या स्वयंपाक्याची गोष्ट त्याला माहीतच नव्हती.

“तरीच!” तो म्हणाला. “आमच्यात असं कोण बोलतो?”

टीव्हीवर ‘सत्या’ लागला की तो हमखास बघतो. पण भाऊच्या जल्लोषाचा सीन सुरू झाला की चॅनल बदलतो. बायको वैतागते, म्हणते अजून पिक्चर बाकी आहे.

“मी म्हणतो, सत्याचं काय व्हायचं ते होऊ दे. आपला माणूस गेला.”