डिसेंबरातली नून साइट

आखातातून मुंबईकडे येताना संध्याकाळी पावणेसातला जीपीएसचे दोन्ही पडदे गेले. वेग १२ नॉट (ताशी १२ सागरी मैल), कोर्स ०९०, म्हणजे सरळ पूर्वेला. उत्तरेला मुंबई हाय तेलक्षेत्राचे प्लॅटफॉर्म आणि प्रत्येकाभोवती ५०० मीटरचं निषिद्ध क्षेत्र, त्यामुळे नुसत्या अंदाजावर रात्र काढणं धोक्याचं. पहाटे धुरक्यात क्षितिजच दिसेना, तेव्हा ताऱ्यांची साइट (क्षितिजापासूनची उंची मोजून जहाजाची जागा काढणं) हुकली. भिस्त सूर्यावर, मुख्यतः नून साइटवर: मध्यान्हाला सूर्याची उंची मोजून अक्षांश काढणं.

सकाळी ९ ला सूर्य १२५ अंश दिशेला, म्हणजे आग्नेयेकडे होता. त्याची उंची मोजून एक पोझिशन लाइन आखली, म्हणजे जिच्यावर जहाज कुठेतरी असणार अशी रेषा. इथे घड्याळ अचूक हवं, कारण ४ सेकंदांची चूक म्हणजे १ मिनिट रेखांश.

तारीख २१ डिसेंबर. अल्मनॅकमध्ये (खलाशांच्या खगोलीय पंचांगात) ग्रीनिचचं मध्यान्ह ११:५८. अंदाजी रेखांश ७०°३०′ पूर्व, म्हणजे ४ तास ४२ मिनिटं. वजा केले की जहाजावरचं मध्यान्ह ग्रीनिचच्या वेळेने ०७:१६, आपल्या वेळेने १२:४६. दहा मिनिटं आधीच कॅडेटला (शिकाऊ अधिकाऱ्याला) घेऊन ब्रिजच्या विंगवर, म्हणजे बाजूच्या उघड्या सज्जात गेलो. सूर्याची खालची कडा क्षितिजाला टेकवायची आणि सेक्स्टंट (कोन मोजायचं उपकरण) डावीउजवीकडे हलकेच झुलवायचा. सूर्य कमानीत फिरतो. त्या कमानीचा तळ क्षितिजाला जेमतेम शिवला पाहिजे. न झुलवता घेतलेला कोन नेहमी जास्तच येतो. मध्यान्हाला दोनतीन मिनिटं आकडा हलत नाही, मग सूर्य उतरू लागतो. (मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा तो काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो आणि ही साइट फार अवघड होते.)

वाचन आलं ४७°३६.८′. इंडेक्स एरर (सेक्स्टंटची स्वतःची चूक) १.२′ वजा. डोळ्याची उंची १६ मीटर, म्हणून डिप (उंचीमुळे क्षितिज खाली दिसतं त्याची दुरुस्ती) ७.०′ वजा. मग तक्त्यातली बाकीची दुरुस्ती, १५.४′, मिळवली: ४७°४४.०′. नव्वदातून वजा केले की ४२°१६.०′, त्यातून सूर्याची दक्षिण क्रांती (विषुववृत्तापासूनचा कोन) २३°२६.०′ वजा, अक्षांश १८°५०.०′ उत्तर.

कॅडेटचं उत्तर १८°३६′. त्याने डिप वजा करण्याऐवजी मिळवला होता. उंचावरून क्षितिज खाली दिसतं, म्हणून मोजलेला कोन मोठा येतो, हे एकदा डोळ्यांपुढे आलं की चिन्ह चुकत नाही. पाठांतर करणारा १४ मिनिटं, म्हणजे १४ सागरी मैल चुकतो.

वेग आणि कोर्सवरून केलेला अंदाजी हिशोब १८°४४′ चा होता. म्हणजे १८ तासांत जहाज ६ मैल उत्तरेला, प्लॅटफॉर्मच्या बाजूला ढकललं गेलं होतं. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, तेव्हा आकडा पटण्यासारखा होता. सकाळची लाइन मधल्या वेळात कापलेले ४५ मैल पुढे सरकवून मध्यान्हाच्या अक्षांशाला छेदली. ५५ अंशांचा छेद, भरवशाचा.

मुंबई अजून सुमारे १३० मैल. प्रवाहासाठी दीड अंश, गेलेले ६ मैल परत मिळवायला अडीच. कोर्स ०९४ केला आणि दर तासाला कागदी चार्टवर खूण करायला सांगितलं.