गोळी सुरू आहे, कंपनीवर विश्वास नाही

मी पूर्वी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी होतो, ठाणे-कल्याण पट्टा माझ्याकडे. औषध कंपन्यांवरचा माझा अविश्वास त्यामुळे फॉरवर्ड वाचून आलेला नाही. मंथ क्लोजिंगला स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारला जायचा. कुठल्या डॉक्टरला एसी हवाय आणि कुणाला सहकुटुंब कॉन्फरन्स, हे आम्हाला तोंडपाठ असायचं.

चाळिशीच्या तोंडावर नौपाड्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ‘अ‍ॅडल्ट एडीएचडी’ (लक्ष न टिकण्याचा विकार, मोठ्या वयातला) म्हटलं तेव्हा डोक्यात आलं, नवीन मार्केट! अमेरिकेत असं झालेलंच आहे. एडीएचडीच्या औषधांच्या प्रचारावरून झालेले आरोप मिटवायला शायर कंपनीने २०१४ मध्ये ५ कोटी ६५ लाख डॉलर मोजले. हार्वर्डचे जोसेफ बीडरमन म्हणजे मुलांच्या एडीएचडीतलं बडं नाव. त्यांनी कंपन्यांकडून घेतलेल्या पैशांचा मोठा भाग विद्यापीठाला कळवलाच नव्हता, हे २००८ मध्ये सिनेटर ग्रासली यांच्या चौकशीत बाहेर आलं.

मी सरळ विचारलं, “डॉक्टर, या गोळीचं तुम्हाला काय मिळतं?” टेबलावर एका कंपनीचा पेन स्टँड होताच. त्यांनी तो उचलून नाव वाचलं. “हे तर शुगरवाले. तुमचं औषध यांच्याकडे नाही.” त्या दिवशी गोळी लिहिलीच नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आतली असावी लागतात, म्हणून आईला आणि प्रगतिपुस्तकं घेऊन या म्हणाले.

आई कळव्याहून पिशवी घेऊन आली. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’, दरवर्षी वेगळ्या बाईंच्या अक्षरात तेच. वर आईची पुरवणी, “डबा शाळेत, छत्री बसमध्ये आणि हा खिडकीत.” मग बीपी, ईसीजी झाले.

आधी अ‍ॅटोमॉक्सेटिन दिलं. त्याचा असर दिसायला आठवडे लागतात, मला मळमळ मात्र लगेच सुरू झाली. मग मेथिलफेनिडेट. हे १९४४ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं, पेटंट कधीच संपलं. मी हो म्हटलं ते त्यामुळेच. इतक्या जुन्या मॉलिक्यूलवर कुणाचं लाँचचं टार्गेट अडलेलं नसतं. कंपन्यांची खरी कमाई त्याच औषधाच्या नव्या, लांब टिकणाऱ्या रूपांत असते. ती चाल मला माहीत होती, म्हणून मी साधी गोळी मागितली.

मिळवणं हा वेगळाच ताप. हे शेड्यूल एक्स, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतलं औषध. दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक केमिस्टला दोन वर्षं ठेवावी लागते. एवढा व्याप कोण करणार? राम मारुती रोड, गोखले रोड, सगळीकडे “नाही ठेवत”. एकाने तर चिठ्ठीपेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ पाहिलं. शेवटी स्टेशनजवळच्या, माझ्या फील्डवरच्याच जुन्या केमिस्टकडे मिळाली. “साहेब, आता काउंटरच्या या बाजूला?” म्हणत त्याने रजिस्टर उघडलं. स्ट्रिपच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘एक्सआरएक्स’. इतकी वर्षं गोळ्या विकून ही खूण मी पहिल्यांदाच हातात धरली.

सध्या मी एका सर्जिकल दुकानाचा हिशेब बघतो. गोळी घेतल्यावर तासाभरात स्टॉक रजिस्टर घेऊन बसलो आणि चहाला न उठता पूर्ण केलं. आनंदबिनंद काही नव्हता, फक्त डोक्यातला गलका कमी होता. भूक मात्र मेली. डबा भरलेलाच घरी यायला लागला, आणि संध्याकाळी गोळी उतरली की मी कुणावरही खेकसायचो. नाश्ता पोटभर आणि गोळी त्यानंतर, एवढ्याने डब्याचा प्रश्न जवळपास सुटला.

खेकसणं राहिलंय. त्यासाठी डॉक्टर लाँग-अ‍ॅक्टिंग घ्या म्हणतायत आणि बायको त्यांच्या बाजूने आहे. मी केमिस्टकडून दोन्हींचे भाव मागवलेत.