आईच्या कबरीत

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, पाळक म्हणून मी काम करीत होतो, त्या काळातील ही गोष्ट आहे. पाळकाचे काम म्हणजे रविवारची उपासना आणि संदेश, असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात आठवड्याचे बाकीचे सहा दिवस गृहभेटी, आजाऱ्यांच्या खाटेजवळची प्रार्थना, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठका आणि बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची रजिस्टरे सांभाळण्यात जातात.

एका पहाटे एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा रात्री वारला होता. तो आमच्याच मंडळीत वाढलेला, परंतु वीसेक वर्षांपूर्वी तेव्हाच्या पंचांशी भांडून त्याने मंडळी सोडली होती, वर्गणी थांबवली होती आणि सभासदांच्या यादीतून त्याचे नाव कमी झाले होते. बाई स्वतः ख्रिस्ती नव्हती. "साहेब, यांना यांच्या माणसांत ठेवा," एवढेच ती म्हणाली.

आठ वाजेपर्यंत पंच जमले. पंच कमिटीच्या सेक्रेटरींनी स्पष्ट सांगितले की जो सभासद नाही त्याला कबरस्तानात जागा देता येणार नाही. मला राग आला, हे कबूल करतो; तरी त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे उघडले, पुढे खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या आणि आमचे कबरस्तान त्या जुन्या काळातले. तेव्हा प्रशस्त वाटलेली जागा आता कबरींनी भरून गेली होती. कुंपणाची भिंत लोकांनी हंगामाच्या पैशांतून, ऊसतोडीच्या उचलीतूनसुद्धा वर्गणी काढून बांधली होती. आज एकाला सूट दिली तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार, हा त्यांचा प्रश्न होता. मी अध्यक्ष असलो तरी कमिटीला डावलून किल्ली हातात घेणे मला योग्य वाटले नाही. पाळकाची बदली होते. पंच आणि कबरी गावातच राहतात.

त्या माणसाच्या घरी मी त्यापूर्वी तीनदा जाऊन आलो होतो. दोन वेळा त्याने अंगणात बाज टाकली, चहा दिला आणि प्रार्थनेचा विषय निघताच गुरांना पाणी पाजण्याचे निमित्त काढून तो उठला. तिसऱ्या खेपेला मात्र मी निघताना त्याने विचारले, "माझ्या आईची कबर अजून ओळखू येते का?" मला सांगता आले नव्हते. परत आल्यावर मी दफनाचे जुने रजिस्टर काढून पाहिले होते: आधीच्या एका पाळकांच्या ठसठशीत अक्षरात तिचे नाव, वय, तारीख आणि पूर्वेकडच्या चिंचेपासून कितवी कबर याची नोंद होती. हे त्याला सांगायला जायचे मी पुढे ढकलत राहिलो, आणि ते राहूनच गेले.

ते रजिस्टर मी पंचांपुढे ठेवले. तीस वर्षे उलटून गेलेली आईची कबर उघडून तिच्यातच मुलाला ठेवावे, नवी जागा लागणारच नाही, असे मी सुचवले. कुटुंबाची कबर पुन्हा उघडण्याची रीत आमच्याकडे आहे. सेक्रेटरी बराच वेळ ते पान पाहत बसले. मग त्यांनी होकार दिला. मात्र आपली हरकत इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली, आणि मी त्याखाली सही केली.

दुपारी चारला दफनविधी झाला. पेटी वाजवणारा पोरगा कारखान्यावर गेलेला असल्याने गीत नुसत्या टाळांवर म्हटले गेले. खणणाऱ्यांना चिंचेपासूनची मोजणी दोनदा करावी लागली. मुठीने माती टाकायला बाई पुढे आली, तेव्हा एक म्हातारे पंच माझ्याकडे वळून पाहू लागले. मी मान डोलावली. सेक्रेटरी आले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर बाई व्हरांड्यात थांबली होती. तिने पदराची गाठ सोडून दोनशे रुपये पुढे केले आणि त्यांची राहिलेली वर्गणी म्हणून घ्या, असे सांगितले. सेक्रेटरींनी पावतीपुस्तक उघडले आणि नाव कोणाचे घालायचे म्हणून माझ्याकडे पाहिले. मृताच्या नावाने वर्गणीची पावती फाडता येत नव्हती आणि बाई तर सभासदच नव्हती. शेवटी त्यांनी ती रक्कम कुंपणाच्या भिंतीसाठी देणगी म्हणून लिहिली, आणि नावाच्या जागी त्या माणसाच्या आईचे नाव घातले.