नाव चढलं, पण प्रमाणित झालं का?

बाबा जानेवारीत गेले. तेरवी आटोपली तशी आईने एकच धोशा लावला, "माहं नाव चढलं काय वं?" आमच्या यवतमाळकडे सातबाऱ्यावर नाव 'चढतं'. दुसरा शब्दच कोणी वापरत नाही.

मार्चमध्ये मृत्यूचा दाखला जोडून वारसाचा अर्ज दिला, पटवाऱ्याकडे. (तलाठ्याला सरकार आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतं, गावाला तो पटवारीच.) आठवडाभरात फेरफाराचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा, नंबर मिळाला. मी आनंदाने घरी सांगितलं, "आई, चढलं!" तिने देवापुढे साखर ठेवली.

मे महिन्यात पीककर्जासाठी ताजा सातबारा काढला, तर वर अजून बाबाच. आणि तळाशी 'प्रलंबित फेरफार'समोर आमचा नंबर. आई काहीच बोलली नाही, नुसतं त्या कागदाकडे पाहत राहिली. मीच तिला चुकीचं सांगितलं होतं, हे मला फार लागलं.

तेव्हा कळलं, 'नोंदवणे' वेगळं आणि 'प्रमाणित करणे' वेगळं. पटवारी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, फेरफार नोंदवतो. मग संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस असतात. हरकत नसली तर पटवाऱ्याच्या वरचा मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो, तेव्हाच सातबाऱ्यातल्या गाव नमुना 7 वरचं नाव बदलतं. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 मध्ये ही पद्धत आहे. आमच्या नोंदीवर एकही हरकत नव्हती. तरी ती दोन महिने तशीच पडली, कारण कोणी सांगितलं नाही. पेरणी तोंडावर असताना विधवा बाईला असं ताटकळत ठेवणं मला अन्यायच वाटतो.

झेरॉक्स साक्षांकित होते, ग्रामसभेत ठराव मंजूर होतो. प्रमाणित मात्र तेच, जे अधिकार असलेल्या माणसाने पुराव्याशी ताडून स्वतःच्या सहीवर घेतलं. प्रमाण म्हणजे माप, आणि पुरावाही.

मी दोनदा "काम झालं का?" विचारून "होईल" ऐकून परतले होते. तिसऱ्यांदा विचारलं, "फेरफार प्रमाणित झाला का? नसेल तर कारण लिहून द्या." चौथ्या दिवशी झाला.

नव्या सातबाऱ्यावर आधी आईचं नाव, खाली आम्हा दोघी बहिणींचं. आईने ते तीनदा वाचून घेतलं. मग तळाशी बोट ठेवून म्हणाली, "आता इथलंही वाच."

"प्रलंबित फेरफार, नाही," मी वाचलं.