तुम्ही विचारलंत म्हणून: रमाबाईंची शेवटची वर्षं वाया गेली का?

पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात रमाबाईंबद्दल आदरच असतो. विधवांसाठी काढलेलं शारदा सदन, पुण्याजवळच्या केडगावचं निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती सदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, हे सगळं त्यांना मनापासून पटतं. पण मग ते म्हणतात, "एवढी बुद्धिमान बाई! आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं बायबलचं भाषांतर करत का बसली? त्या वेळात केवढं काम झालं असतं!"

या प्रश्नात एक गोष्ट धरूनच चाललेली असते. आधीचं ते काम, आणि नंतरचं ते धर्मवेड. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक या बायबलच्या मूळ भाषा शिकणारी रमाबाई शारदा सदनाच्या रमाबाईपासून वेगळी नव्हतीच. आणि त्या भाषांतराचं मूळ शोधायचं तर त्यांच्या ख्रिस्ती होण्याच्याही मागे, वडिलांच्या घरात जावं लागतं.

अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात शिकत होते, तेव्हा त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात संस्कृत शिकवायला जात. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी संस्कृत शिकते आहे, हे त्या तरुण विद्यार्थ्याने ऐकलं, पाहिलं, आणि आपणही आपल्या बायकोला शिकवायचं असं मनाशी घेतलं. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. पुढे ती वारली. शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले असताना तीर्थयात्रेत गोदावरीकाठी एका ब्राह्मणाने आपली लहान मुलगी त्यांना दिली. तीच लक्ष्मीबाई. तिला त्यांनी संस्कृत शिकवलं, त्यापायी धर्मपंडितांच्या सभेत जाब दिला, शास्त्रांतलेच आधार काढून दाखवले, आणि शेवटी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात घर केलं. २३ एप्रिल १८५८ ला रमाबाई तिथे जन्मल्या. वडील तोवर थकले होते, म्हणून रमाबाईंना शिकवलं ते आईने. भागवत त्यांच्या तोंडपाठ झालं ते बाईच्या तोंडून ऐकून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, ब्राह्मणाच्या घरात! मला या गोष्टीचं नवल कधी संपत नाही.

पण अनंतशास्त्रींच्या धैर्यालाही एक कुंपण होतं. पुराणं शिकवली, काव्य शिकवलं, व्याकरण शिकवलं. वेद मात्र नाहीत. स्त्रीला तो अधिकार नाही, एवढं त्यांनी मान्य केलं होतं. हे कुटुंब गावोगाव पुराण सांगत पोट भरत असे. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत देशभर फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच शहरात केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हातात वेदाची प्रत ठेवली आणि वाचा म्हणून सांगितलं. बापाने जे दार बंद ठेवलं होतं ते उघडलं गेलं ते असं.

रमाबाईंनी वाचलं. त्यांनी नंतर लिहून ठेवलंय की धर्मग्रंथांचं एकमेकांशी पुष्कळ ठिकाणी जुळत नाही, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत दिसलं: स्त्री हीन आहे आणि पुरुषाला मिळतो तसा मोक्ष तिला नाही. इथे कुणी मान्य करो वा न करो, एक लक्षात घ्यावं. हा निष्कर्ष कुणा पाद्र्याने त्यांच्या कानात सांगितलेला नव्हता. ग्रंथ स्वतः उघडून, मूळ भाषेत वाचून त्या तिथवर आल्या होत्या.

पुढचं थोडक्यात सांगते. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, सिल्चरचा संसार, १८८१ मध्ये मनोरमा, आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीने पतीचा मृत्यू. सिल्चरच्या घरातच त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचं, बंगाली पुस्तक सापडलं होतं. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं आणि १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंड गाठलं. कान अधू झाल्यामुळे ते साधलं नाही. तिथेच, वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या मठाच्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवत. तिथे त्या बायकांना मिळणारी माया पाहून रमाबाईंनी विचारलं, हे कशामुळे? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. लोकांनी हलकी मानलेल्या त्या बाईशी येशू आपणहून बोलतो, ती गोष्ट.

आता भाषांतराचं खरं कारण जिथे दिसतं तिथे येते. बाप्तिस्मा झाल्यावर रमाबाई मुकाट चर्चच्या शिस्तीत बसल्या असतील असं वाटत असेल, तर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचायलाच हवा. जेराल्डीन वाँटेजच्या मठातल्या भगिनी, आणि बाप्तिस्म्याच्या नात्याने रमाबाईंच्या धर्ममाता. छोटी मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणायची. प्रेम होतंच, पण भांडणंही कडाक्याची. मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असं रमाबाईंनी स्पष्ट कळवलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी उलट विचारलं की माझ्या वडिलांनी, माझ्या नवऱ्याने ज्याला हरकत घेतली नाही, त्याला तुम्ही इंग्रज कसे घेता? क्रूस घालायचाच तर त्यावर लॅटिन अक्षरं का? माझ्या देशाची जुनी, सुंदर भाषा संस्कृत आहे, ती का नको? हेही त्यांचंच म्हणणं.

ग्रंथ आणि आपण यांच्यामध्ये कुणी माणूस उभा राहिलेला या बाईला चालत नव्हता. तो ब्राह्मण असो, बिशप असो, की प्रेमळ धर्ममाता असो. हे एकदा मनात पक्कं बसलं की हिब्रू आणि ग्रीक का शिकल्या, हे वेगळं विचारावं लागत नाही. इंग्रजी बायबलवरून मराठी करणं त्यांना सहज जमलं असतं. पण मग इंग्रजांनी लावलेला अर्थ मध्ये आला असता.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याचा आरोप झाला, 'केसरी'ने झोड उठवली, आणि रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी संबंध तोडले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या मुलीने स्वतः आई-बाप दुष्काळात गमावले होते, ती आता मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली आणि विधवा घेऊन आली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, शिवणकाम, आणि छापखाना.

या मुली कोण होत्या, हे विसरू नका. शारदा सदनात प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा होत्या. केडगावात आलेल्या बहुतेक शेतकरी, मजूर, नाना जातींच्या. त्यांना रमाबाईंनी अक्षर शिकवलं. आता त्यांच्या हातात वाचायला काय द्यायचं? मराठी बायबल होतं. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी यांनी १८११ मध्ये वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, छापला होता, मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ मध्ये निघाला, पुढे संपूर्ण बायबल आलं आणि त्यात सुधारणाही होत राहिल्या. मोठंच काम ते. पण रमाबाईंच्या मते त्याची भाषा खेड्यातल्या बाईसाठी संस्कृताने जड झालेली होती. शिवाय त्यातली काही शब्दयोजना मुळाचा अर्थ झाकते, असं त्यांना वाटे.

इथे मी दरवेळी थोडी थांबते. जिला क्रूसावरही संस्कृत हवं होतं, त्या बाईने आपलं सगळं पांडित्य बाजूला ठेवून साधं मराठी लिहायला घेतलं. पंडितांच्या सभेत जी भाषा तिचं बळ होती, तीच घाण्यावर काम करणाऱ्या मुलीच्या वाटेत येते आहे, हे तिनेच ओळखलं. याला मी संन्यास म्हणणार नाही. पांडित्य कशासाठी असतं याचं त्यांना सापडलेलं ते उत्तर होतं.

संस्थेचा पसारा सांभाळत, ऐकू येणं कमी झालेलं असताना, त्या जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्यासाठी ग्रीक घेऊन बसत. भाषांतर झालं की मजकूर मुक्तीच्याच छापखान्यात जाई. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं तिथल्या बायका करत. दुष्काळात सापडलेल्या मुली अक्षर शिकून बायबलचे फर्मे जुळवत होत्या, हे चित्र मला त्या भाषांतराइतकंच महत्त्वाचं वाटतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, जिच्यावर पुढचं सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाईंनी तरीही काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावं अशी त्यांनी प्रार्थना केली होती, असं सांगतात. संपूर्ण पुस्तक बाहेर पडलं १९२४ मध्ये.

एका स्त्रीने एकटीने संपूर्ण बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. अमेरिकेत जुलिया स्मिथचं इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये निघालं होतं. एरवी हे काम मंडळांचं आणि समित्यांचं, आणि त्या काळी त्यांत बसत ते पुरुष.

यावर दुसरा प्रश्न येतोच: "मग ते भाषांतर आज वाचतं कोण?" फार थोडे. चर्चमध्ये सहसा बायबल सोसायटीची आवृत्ती चालते. रमाबाईंचं भाषांतर मुळाला इतकं घट्ट धरून चालतं की काही ठिकाणी मराठी वाक्य अवघडतं, आणि सोपेपणाची इच्छा तिथे मागे पडते. मला ते खटकतं. पण मोठ्या नावाच्या कितीतरी भाषांतरांचं असंच झालं आहे. त्यांना आपण वाया गेलेली म्हणत नाही.

आणि धर्मांतराचं काय, असंही काहीजण हलक्या आवाजात विचारतात. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि रमाबाईंना आपला धर्म पसरावा असं वाटत होतं, हे मी लपवत नाही. त्यांची श्रद्धा तुमची असायला हवी असं मुळीच नाही. फक्त त्यांच्या आयुष्यातून ती श्रद्धा कापून काढून उरलेली समाजसुधारक तेवढी आपली म्हणायची, हे मला पटत नाही. ती बाई अशी दोन तुकड्यांत कधी जगलीच नाही.

म्हणून त्यांच्या कामांची यादी कराल तेव्हा शारदा सदनाच्या १८८९ आणि दुष्काळातल्या मुलींच्या १८९७ च्या खाली बायबलचं १९२४ सुद्धा लिहा. भाषांतरावर टीका जरूर करा, पण आधी त्यातलं एखादं शुभवर्तमान सोसायटीच्या प्रतीशेजारी ठेवून वाचा.