विटोसच्या हाती दिलेलं पत्र

परवा सकाळी तर्री-पोहे खाता खाता बाबा म्हणाले, "एक खमक्या माणूस बसवा पाच-दहा वर्षं, कोणाचं काही ऐकू नका. सारं सुरळीत होते का नाही पाहा." बाबा काटोलकडचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले, आता वय ७८. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि दरवेळी गप्प बसते. या वेळी बसवलं नाही, कारण दोन महिने मी पोलंड वाचत होते.

सुरुवात वळिवड्यापासून झाली. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या या गावात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ते इथवर आले कसे, हे शोधत गेले. त्यांतल्या कित्येकांच्या घरचे पुरुष १९२० साली रशियाशी लढलेले सैनिक. लढाईनंतर त्यांना पूर्व सीमेवर जमिनी मिळाल्या, आणि १९४० मध्ये सोव्हिएत सरकारनं त्याच जमिनींवरून बायकामुलांसकट त्यांना उचलून सैबेरियाकडे धाडलं. त्या सैनिकांचा सेनापती युझेफ पिलसुद्स्की.

मला तो माणूस फार आवडला होता, हे आधी सांगते. झारच्या राज्यात पाच वर्षं सैबेरियात काढली. १९०० साली गुप्त वर्तमानपत्राच्या छापखान्यासह पकडला गेला, तेव्हा वेडाचं सोंग घेतलं आणि पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या इस्पितळातून निसटला. १२३ वर्षं नकाशावर नसलेला देश १९१८ च्या नोव्हेंबरात परत उभा राहिला, तेव्हा सूत्रं त्याच्या हाती होती. त्याच महिन्यात त्याच्या सहीनं बायकांना मताधिकार मिळाला. हे वाचताना माझा ऊर खरंच भरून आला होता.

मग विन्सेन्टी विटोस भेटला. शेतकऱ्याचा पोर, पंतप्रधान झाला तरी गळ्यात टाय बांधली नाही. ऑगस्ट १९२० मध्ये लाल सेना वॉर्साच्या वेशीवर आली होती. आघाडीवर निघण्याआधी पिलसुद्स्कीनं आपल्या राजीनाम्याचं पत्र पंतप्रधान विटोसच्या हाती दिलं. ते बाहेर फुटतं तर सैन्याचं अवसानच गळालं असतं. विटोसनं ते स्वतःजवळ ठेवलं, वाच्यता केली नाही. वॉर्सा वाचलं.

मे १९२६ मध्ये पिलसुद्स्कीनं सैन्य घेऊन राजधानीवर चाल केली. सरकारं वरचेवर पडत होती, देश विस्कटला होता, हे खरंच. पण तीन दिवसांत पोलिशांनीच पोलिशांवर गोळ्या झाडल्या, शेकडो मेले. आणि जे सरकार उलथवलं त्याचा पंतप्रधान होता विटोस.

सप्टेंबर १९३० मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, विरोधी पुढाऱ्यांना रातोरात धरून ब्रेस्तच्या किल्ल्यात कोंडलं. मारहाण झाली, अपमान झाला. त्या कोठड्यांमध्येही विटोस होता. शिक्षा झाल्यावर त्याला देश सोडून चेकोस्लोव्हाकियात राहावं लागलं. १९३४ साली बेरेझा कार्तुस्का इथं खटल्याशिवाय डांबायची छावणीच उघडली. स्वतः झारचा तुरुंग भोगलेल्या माणसाच्या राजवटीत हे झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

१९३५ साली पिलसुद्स्की गेला. देह क्राकोच्या वावेलमध्ये राजांच्या शेजारी, हृदय विल्नियसला आईच्या कबरीत. कम्युनिस्टांनी पुढं त्याचं नाव पुसायचा प्रयत्न केला, म्हणून लोकांनी ते जास्तच जपलं. आज वॉर्सात त्याच्या नावाचा मोठा चौक आहे. १९२० साठी तो मान त्याचाच, मी तो काढून घेणार नाही. पण वॉर्सात विटोसचाही पुतळा आहे, आणि मला कधी जायला मिळालं तर मी आधी तिथं जाईन.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. पोहे गार झाले. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो शेतकरी बाहेर देशी गेला, तं त्याची वावरं कोण पाहत होतं?"