मोहाचे लाडू पुण्याला पाठवायचे असतील तर

पार्सलवाल्याला भाव विचारण्याआधी एक विचारा: तुमची गाडी कुठल्या रस्त्याने जाते? इंदूरहून पुण्याला मोहाच्या फुलांचे लाडू पाठवताना माझा जो जीव गेला, तो या एका प्रश्नापायी. काउंटरवर कुणालाच त्याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि असं काही विचारायचं असतं हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. म्हणून ते आधी लिहून टाकते. बाकीचं वाचलंत तर माझी जळजळ थोडी कमी होईल, एवढंच.

मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, अनारसे, करंज्या, नेहमीचंच. त्यात मोहाचे लाडू आले ते मध्य प्रदेशातल्याच अलीराजपूर जिल्ह्यामुळे. ह्यांच्या नोकरीत आमची काही वर्षं तिकडे गेली. होळीच्या आसपास मोहाची पानं झडलेली असतात, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात आणि पहाटेपासून फुलं टपटप खाली पडायला लागतात. घरंच्या घरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली. ताजं फूल पांढरट पिवळं, गुबगुबीत. दोन बोटांत दाबलं की रस निघतो आणि बोटं चिकटतात. उन्हात वाळलं की तांबूस होऊन मनुक्यासारखं सुरकुततं. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते, त्यामुळे लाडवात गूळ नावापुरता घातला तरी चालतो. तिकडच्या बायका तव्यावर भाजलेला मोह आणि तीळ एकत्र कुटायच्या, ते मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हाच ठरवलं की हे इंदूरला नेऊन करायचंच.

इंदुरात मात्र मोह म्हटलं की माणसं डोळे मिचकावतात. शिकलीसवरली माणसंसुद्धा. दारूपलीकडे त्या झाडाचं काही असतं हे कुणाच्या गावीच नाही. आयुर्वेदात त्याला मधूक म्हणतात. फूल गोड, थंड, पचायला जड आणि बळ देणारं सांगितलंय. चरकसंहितेत ग्रहणी या पोटाच्या विकारावर मधूकासव, म्हणजे मोहाच्या फुलांचं आंबवलेलं औषध, सांगितलंय. फळातल्या बियांचं तेल काढतात, तिकडे त्या बियांना डोळी म्हणतात आणि ते तेल स्वयंपाकात वापरतात. पचायला जड हे मात्र खरंच आहे हं. एका वेळी एक लाडू पुरे, माझ्याकडून नेणाऱ्यांना मी हे तोंडाने सांगते.

तोंडाने सांगते, डब्यावर लिहीत नाही. खाद्यपदार्थाच्या लेबलवर ‘अमुक रोगावर गुणकारी’ असं काही छापायचं नसतं. औषध म्हणून विकायचं तर त्याचा परवाना वेगळा. आपला कारभार अन्नाचा, तो अन्नाचाच ठेवावा. अन्नाचं रजिस्ट्रेशन अगदी सहज झालं. तेव्हा वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची. मी केली तेव्हा फी वर्षाला शंभर रुपये होती, फोटो आणि ओळखपत्र लागलं, चौदा आकडी नंबर मिळाला. तो नंबर, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, घटक (जे सर्वात जास्त ते आधी), वजन, तारखा, हे सगळं लेबलवर. मुलाने एका संध्याकाळी बसून करून दिलं. इथवर कुणी मोहाच्या नावाने भुवई उडवली नाही.

आता काउंटर.

वन्सं गणपतीत इकडे आल्या होत्या, जाताना एक डबा घेऊन गेल्या. त्यांच्या भिशीतल्या बायकांनी चव घेतली आणि थेट पाच किलोची ऑर्डर. मी लाडू वळले, बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळला, डबे टेपने बंद केले आणि घराजवळच्या कुरियरवाल्याकडे गेले. नाव लिहीत नाही, मोठी कंपनी आहे, गल्लोगल्ली दुकानं आहेत. फॉर्मवर सामानाचं वर्णन लिहायचं असतं, तिथे मी लिहिलं, महुआ के लड्डू.

काउंटरवरच्या मुलाने ते टाइप केलं आणि थांबला. “मैडम, महुआ नहीं जाएगा.”

“लड्डू हैं भैया, खाने के.”

“लिस्ट में है. सिस्टम लाल दिखा रहा है.”

मी म्हटलं, यात दारू नाही. तो म्हणाला, बनती तो इसी से है ना. मी म्हटलं, अंगूर से भी बनती है, किशमिश जाती है कि नहीं? किशमिश जाते, असं त्याने चक्क स्क्रीनवर बघून सांगितलं. मग त्याने डबा उघडायला लावला, लाडू नाकाशी नेला, आतल्या खोलीतून दुसऱ्याला बोलावून त्यालाही वास घ्यायला लावला. भाजलेल्या मोहाला एक उग्र गोड वास असतो खरा, पण तो भाजल्याचा. फूल पाण्यात भिजवून दिवसचे दिवस आंबवावं लागतं, मग गाळावं लागतं, तेव्हा कुठे दारू होते. कोरड्या तव्यावर भाजून तिळात कुटलेल्या फुलाची दारू करून दाखवा, मीच बक्षीस देते. हे सगळं मी हिंदीत ऐकवलं. दुसऱ्याने तोवर लाडू खाऊन टाकला आणि म्हणाला, बढ़िया है. पण पार्सल तिथेच.

मागे पोती लावणारा एक पोरगा झाबुआकडचा, म्हणजे अलीराजपूरच्या शेजारचा निघाला. तो म्हणाला, हे तर आमच्या घरी खातात. काउंटरवाल्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

शेवटी काउंटरवाल्याने हळूच सुचवलं, “मिठाई लिख दो ना मैडम, कौन देखता है.” घरी आल्यावर ह्यांचंही तेच, बेसनाचे लिही आणि मोकळी हो. शेजारच्या काकू म्हणाल्या, आयुर्वेदिक लाडू लिही, छान वाटतं. एकाने ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवायला सांगितलं, ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, कुणी विचारत नाही. मला यातलं काहीच करायचं नव्हतं. डब्यावर मोह छापायचं आणि पावतीवर मिठाई? वाटेत कुणी उघडून बघितलं तर ज्या वस्तूत लपवण्यासारखं काही नाही, ती लपवल्यासारखी दिसणार. आणि खरं सांगायचं तर हट्टही होता. मोहाचा लाडू मोहाच्या नावानेच जाईल, नाहीतर राहील.

हेल्पलाइनला फोन केला की आधी सनई, मग ‘आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है’, मग एक मुलगी, जी प्रत्येक वेळी वेगळी. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगा. एक म्हणाली, मॅडम महुआ ज्वलनशील है क्या? दुसरीने तक्रार नोंदवली आणि थोड्या वेळाने मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं समाधान झालेलं आहे. डब्यांकडे बघून माझ्या डोक्याची शीर उठत होती. मोहाचे लाडू टिकतात, पण दमट हवा लागली की चिकट होतात, आणि परतीचा पाऊस अजून गेला नव्हता.

मध्यंतरी ह्यांनी पेपरमधलं काहीबाही आठवून माझ्या आगीत तेल ओतलं. आपल्या मध्य प्रदेशात मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान आहे, अलीराजपूर आणि दिंडोरीतले बचत गट ती अधिकृतपणे करतात. म्हणजे बाटलीला वारसा आणि लाडवाला लाल दिवा!

मग मी काउंटरवर जाऊन म्हटलं, ती लिस्ट मला दाखवा. लेखी द्या. हे वाक्य लक्षात ठेवा, कामाला येतं. लेखी म्हटल्यावर त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. तिथे लिहिलं होतं, महुआ फूल, आणि पुढच्या रकान्यात गुजरात. मी विचारलं, पुणे गुजरातमध्ये कधी गेलं? तो म्हणाला, ये तो देवास नाके वाले साहब बताएँगे.

देवास नाक्याच्या गोदामातला मॅनेजर पहिला माणूस, ज्याने मला बसायला खुर्ची दिली. त्याने दोन मिनिटांत उलगडा केला. त्यांचे इंदूरचे ट्रक आधी वडोदऱ्याच्या गोदामात जातात, तिथे माल वेगळा होतो आणि मग पुण्याकडे निघतो. गुजरातेत दारूबंदी, आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यात मोहाच्या फुलांवर बंधनं आहेत. कुठेतरी एकदा कुणाचं पोतं अडकलं असेल, म्हणून कंपनीने महुआ या शब्दालाच कुलूप घातलं. फूल असो, तेल असो, लाडू असो.

महाराष्ट्रातही आधी तीच गत होती, कायदा मुळात मुंबई राज्याचा. तिथे फुलांवरचे निर्बंध 2021 मध्ये उठवले. त्याच्याही मागे जायचं तर इंग्रजांनी मुंबई इलाख्यात 1892 साली मोहावर खास कायदा केला होता, घरची दारू बंद करून सरकारी गुत्ते चालावेत म्हणून. आमचं इंदूर तेव्हा होळकरांचं, त्या इलाख्यात नव्हतंच. तरी तो भुंगा आज माझ्या लाडवांमागे लागला!

मॅनेजर सरळ होता. म्हणाला, लाडू म्हणजे फूल नव्हे हे मला पटतं, पण वडोदऱ्यात कुणाशी वाद घालायला माझा माणूस बसलेला नाही. तुम्ही सेंधवा, धुळे, नाशिक असा थेट ट्रक जाणाऱ्याकडे द्या. त्याने लोहामंडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा पत्ता दिला. तिथे रजिस्ट्रेशनची प्रत, बिल आणि ‘भाजलेला खाद्यपदार्थ, यात मद्यार्क नाही’ असं माझ्या सहीचं पत्र मागितलं. हे तीन कागद मी आता प्रत्येक डब्यासोबत ठेवतेच, तुम्हीही ठेवा. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, त्याने काय लिहू विचारलं. मी म्हटलं, महुआ लड्डू. त्याने लिहिलं, त्यात काय विशेष अशा चेहऱ्याने.

कुरियरपेक्षा हे स्वस्त पडलं, पण माल पुण्यात घरपोच येत नाही, गोदामातून उचलावा लागतो. वन्संनी भाच्याला पिटाळलं.

मध्येच राहिलं: फुलं कुठून घेता यावर सगळं आहे. पुष्कळ ठिकाणी फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्याने रानाला वणवा लागतो तो लागतोच, शिवाय फुलांना राख आणि माती. झाडाखाली जाळी बांधून झेललेली फुलं मागा, महाग असतात पण दाताखाली कचकच येत नाही. मी अलीराजपूरच्या ओळखीच्या बाईंकडून वैशाखातच वर्षाचं घेऊन ठेवते, पावसाळ्याआधी कडक ऊन दाखवते आणि हवाबंद डब्यात भरते. भाजायच्या आधी आतलं केसर काढायचं, हे किचकट काम आहे, दुपारच्या मालिकेसोबत होतं. मंद आचेवर भाजा. गरम असताना फूल मऊच लागतं, गार झालं की कुरकुरीत होतं, तेव्हा कुटा.

वन्संचा फोन आला, दोन लाडू फुटले होते, पुढच्या वेळी तूप जास्त घाल म्हणाल्या. नाही घालणार, मोहाची चव मरते. भिशीवाल्यांनी दिवाळीनंतरची ऑर्डर दिली आहे. वडोदऱ्याहून मामेबहिणीनेही मागितलेत. तिला सांगितलं, तू इंदूरला ये आणि इथे बसून खा.